एक लाखाची सभा, नऊ हजार खुर्च्या

रात्री सव्वानऊला सिटी रिपोर्टरचा फोन आला तेव्हा पान एकवर चार कॉलम अडवून ठेवलेले होते. मी तेव्हा नागपुरातल्या एका दैनिकात डेस्कवर होते आणि त्या रात्री पहिलं पान माझ्याकडे होतं. नोव्हेंबर महिना, विधानसभेचा प्रचार अंगात आलेला, आणि शहराच्या पूर्वेकडच्या एका मैदानावर एका मोठ्या पक्षाच्या मोठ्या नेत्याची सभा नुकतीच आटोपली होती. (मैदानाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर नागपूरकर पाच मिनिटांत पक्ष ओळखतील आणि मग हे सगळं त्या पक्षाविरुद्धचं लिखाण ठरेल. समोरच्या पक्षाची सभा असती तरी हेच झालं असतं. त्याचाही अनुभव गाठीशी आहे.)

"किती घेऊ?" मी विचारलं.

"ते एक लाख म्हणून राहिले, मॅडम."

"आणि तू?"

"मैदान ठासून होतं. पण लाख..." पुढचं वाक्य त्याने पूर्ण केलं नाही.

दहा वाजेपर्यंत माझ्यासमोर चार आकडे जमले. आयोजकांचं प्रसिद्धिपत्रक व्हॉट्सॲपवर ७ वाजून ५ मिनिटांनी आलं होतं: "एक लाखाहून अधिक नागरिकांनी सभेला प्रचंड प्रतिसाद दिला." दिला, भूतकाळ. नेत्याचं भाषण ७ वाजून २० मिनिटांपर्यंत चाललं होतं. विरोधी पक्षाच्या प्रवक्त्याने कळवलं की चार हजारही डोकी नव्हती आणि तीही रोजंदारीवर आणलेली. बंदोबस्तावरच्या एका अधिकाऱ्याने रिपोर्टरला "वीस-पंचवीस धरा, नाव टाकू नका" असं सांगितलं. एका वाहिनीने पन्नास हजार चालवले. ते कुठून आले म्हणून मी तिथल्या ओळखीच्या मुलीला विचारलं, तर म्हणाली, दोन्ही बाजूंचं ऐकलं आणि मधला घेतला. हिशेब बरोबरच होता म्हणा. एक लाख आणि चार हजार यांच्या मधोमध बावन्न हजार येतात. दोन थापांची सरासरी काढली तर खरं कुठून निघणार, हा प्रश्न तिच्या डेस्कवर कोणी विचारला नसावा.

आमच्या डेस्कवरही विचारला गेला नाही. रिपोर्टर मंडळींचा एक जुना ठोकताळा होता: पोलिसांचा आकडा दुप्पट करायचा, आयोजकांच्याला पाचने भागायचं, आणि दोन्ही उत्तरं जवळपास आली तर छापायचं. त्या रात्री चाळीस-पन्नास आणि वीस अशी उत्तरं आली. वेळ नव्हता. बातमीत मी "एक लाखाहून अधिक नागरिक उपस्थित होते, असा दावा आयोजकांनी केला" असं लिहिलं. 'दावा' हा शब्द आमच्या धंद्यातली छत्री आहे. पाऊस कितीही पडो, आपण कोरडे. पण मथळ्याला जागा कमी होती, तिथे छत्री मावली नाही. "लाखाच्या साक्षीने रणशिंग" असा मथळा गेला. तो माझा होता, म्हणून ही चौकशीही माझीच.

एकशे सत्त्याऐंशी पावलं

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला स्कूटी घेऊन मैदानावर गेले. पेंडॉलवाल्याची पोरं बल्ल्या उपटत होती. गवतावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, झेंडे, मसालेभाताची सांडलेली पाकिटं, आणि एक लहान मुलाची डाव्या पायाची चप्पल.

माझं पाऊल सव्वादोन फुटांचं आहे, हे मी घरी टेपने मोजून गेले होते. मैदान लांबीला एकशे सत्त्याऐंशी पावलं भरलं, रुंदीला एकशे अडतीस. म्हणजे साधारण ४२० फूट बाय ३१० फूट. मोबाइलच्या नकाशावर मोजलं तर दहा-बारा फुटांचा फरक आला, तो सोडून दिला. गुणाकार १,३०,२०० चौरस फूट. जेमतेम तीन एकर.

इथेच थांबलं तरी निम्मं काम होतं. एक लाख माणसं या तीन एकरांत उभी करा, स्टेज नको, खुर्च्या नकोत, रस्ते नकोत. प्रत्येकाच्या वाट्याला १.३ चौरस फूट येतो. ऑफिसात जाऊन आमच्याच अंकाचं एक पान टेबलावर पसरलं आणि मोजलं, तर ते पावणेदोन चौरस फुटांच्या वर भरलं. म्हणजे ज्या पानावर मी तो मथळा दिला, ते पान जमिनीवर अंथरून त्यावर माणूस उभा केला असता, तरी लाखाच्या हिशेबात त्याला ती जागा जास्तच झाली असती.

मीटरमध्ये सांगायचं तर एका चौरस मीटरात आठच्या वर माणसं. गर्दीचा अभ्यास करणाऱ्या जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्याने दाखवून दिलं आहे की चौरस मीटरात सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते. मागून लाट आली की पुढचा माणूस स्वतःच्या पायावर राहत नाही. त्या संध्याकाळी खरोखर लाख माणसं तिथे असती तर पहिल्या पानावर रणशिंग नसतं, मृतांची यादी असती.

आता वजाबाकी. मागची साठ फुटांची पट्टी स्टेज, त्यामागचा ग्रीनरूमचा तंबू आणि जनरेटर यांनी खाल्ली. स्टेजपुढे सुरक्षेसाठी मोकळी ठेवतात ती जागा, जिला सगळे 'डी' म्हणतात, ती पन्नास फुटांची होती, खुंट्यांची भोकं अजून जमिनीत दिसत होती. मधोमध वीस फुटांचा रस्ता, दोन्ही कडांना दहा-दहा फूट. हे सगळं वजा जाता लोकांसाठी ८३,७०० चौरस फूट उरले. त्यात पुढचे दोनशे फूट खुर्च्यांचे, मागचे एकशे दहा फूट उभ्या लोकांचे.

थप्पी

पेंडॉलवाले भाऊ साठीच्या पुढचे, डोक्याला मफलर, हातात शाळकरी वही. मी पेपरमधून आले म्हटल्यावर आधी "तक्रार हाये का काही?" असं विचारलं. नाही म्हटल्यावर मोकळे झाले.

"खुर्च्या किती होत्या जी?"

"नऊ हजार. साडेचारशे थप्प्या."

एका थप्पीत वीस. खुर्ची मोजायची नाही, थप्पी मोजायची, आणि थप्पी उंचीवरून कळते. त्यांच्या पोराने मला ते दाखवलं. वीस खुर्च्यांच्या थप्पीचा माथा त्याच्या कपाळाला लागतो, एकोणीसची भुवईला. तो चालता चालता कपाळ टेकवत जात होता आणि तोंडाने आकडे म्हणत होता, वही धरलेला दुसरा पोरगा रेघ ओढत होता. प्रत्येक खुर्चीच्या पाठीमागे पिवळ्या रंगात दोन अक्षरं. दुसऱ्या पेंडॉलवाल्याच्या चौदा खुर्च्या यांच्यात मिसळल्या होत्या, त्या त्यांनी बाजूला काढून ठेवल्या. आदल्या रात्री शहरातली एकूण एक माणसं अंदाजाने बोलत होती. अंदाज न करणारं माणूस मला पहिल्यांदा इथे भेटलं.

"भाऊ, लोक किती असतील?"

"खुर्च्या मी मोजून देतो, मोजून घेतो. माणसं मोजाचं काम माह्यं नाही जी."

खुर्च्यांचा हिशेब जागेशीही जुळत होता. प्लास्टिकची खुर्ची रुंदीला पावणेदोन फूट आणि ओळीतलं अंतर पावणेतीन फूट धरलं तर एका खुर्चीला पाच चौरस फुटांच्या आत जागा लागते. आडव्या वाटा धरून साडेपाच. खुर्च्यांच्या भागाचं क्षेत्रफळ ५४,००० चौरस फूट, म्हणजे फार तर पावणेदहा हजार खुर्च्या मावतील. नऊ हजार होत्या. म्हणजे वहीतला आकडा अव्वाच्या सव्वा नाही.

मागच्या उभ्या भागासाठी हर्बर्ट जेकब्स यांची पद्धत वापरली. जेकब्स हे बर्कलीच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकवत. १९६० च्या दशकात त्यांच्या खिडकीखालच्या चौकात विद्यार्थ्यांच्या सभा होत आणि दर सभेनंतर आकड्यांवरून हमरीतुमरी. चौकाच्या काँक्रीटवर रेघांचे चौकोन होते. त्यांनी काही चौकोनांतली डोकी मोजली आणि चौकोनांच्या संख्येने गुणलं, इतकंच. त्यातून निघालेलं कोष्टक अजून वापरतात: विरळ गर्दीत माणशी दहा चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि अगदी एकमेकांना खेटून उभी असली तर अडीच. आमच्या मैदानाचा उभा भाग २९,७०० चौरस फूट. सगळा दाट धरला तर साडेसहा हजार, सगळा विरळ धरला तर तीन हजार. पुढच्या अर्ध्यात दाटी आणि मागे भेळवाल्यांपाशी मोकळं, असं रिपोर्टर आणि फोटोग्राफर दोघांनीही सांगितलं. साडेचार हजार धरले. रस्त्यांच्या पट्ट्यांत घुसलेले, कुंपणाबाहेर गाड्यांवर बसलेले, समोरच्या गच्च्यांवरचे मिळून दोन हजार. रिकाम्या खुर्च्या थोड्याफार असणारच. चौदा ते सोळा हजार, असा माझा आकडा झाला.

गाड्यांनी तो तपासून पाहिला. पार्किंगच्या मैदानावर वाहतूक पोलिसांच्या एका शिपायाने दुपारी बस मोजल्या होत्या: एकशे साठ. बसला पंचेचाळीस धरले तर सात हजार दोनशे. टेम्पो, काळीपिवळी, छोटा हत्ती मिळून तीनेकशे, त्यांतून तीन-साडेतीन हजार. उरलेले आसपासच्या वस्त्यांतून पायी आणि दुचाकीने आलेले. जुळतं. आणि लाख माणसं आणायची तर? बावीसशे बस लागल्या असत्या. एकामागे एक, मध्ये हातभर जागा सोडून उभ्या केल्या तर वर्धा रोडने रांग बुटीबोरीला टेकली असती. तशी रांग नागपूरकरांनी पाहिली असती तर सभेपेक्षा तिचीच बातमी मोठी झाली असती.

कडा

मग आमच्या फोटोत गर्दी इतकी कशी दिसली? फोटोग्राफरने खोटं काही केलं नव्हतं. तो स्टेजसमोरच्या मचाणावर होता, लांबचं जवळ आणणारी मोठी लेन्स लावून. अशी लेन्स मागच्या ओळी पुढच्यांवर आणून चिकटवते, दोन डोक्यांमधलं पाच फुटांचं अंतर दिसतच नाही. शिवाय नोव्हेंबरात नागपुरात साडेपाचला सूर्य मावळतो आणि नेते आले सहा वाजून वीस मिनिटांनी, वेळ दिली होती चारची. पुढच्या शंभर फुटांवर हॅलोजनचा उजेड, त्यामागे काळोख. वाचक त्या काळोखात आपल्या मनाने माणसं भरतो. पक्षाने सोडलेला ड्रोनचा व्हिडिओ मी डेस्कवर पुन्हा पुन्हा पाहिला. चौदा सेकंद, आणि एकदाही गर्दीची कडा दिसत नाही. ड्रोन कडेजवळ आला की दृश्य तुटतं. ज्या फोटोत गर्दी कुठे संपते ते दिसत नाही, त्या फोटोवरून मी आता कोणालाच आकडा काढू देत नाही. कडा कापणारा माणूस सहसा ती बघून कापतो.

विरोधकांनी पसरवलेला रिकाम्या खुर्च्यांचा फोटोही खराच होता. फक्त तो दुपारी साडेतीनचा. सावल्या लांब पडलेल्या, पण ऊन अजून खुर्च्यांवर. त्यांचे चार हजार तिथून आले.

माझी चूक

चार दिवसांनी आतल्या पानावर तीनशे शब्दांत हा हिशेब छापून आला. संपादक म्हणाले, मथळा चार कॉलमी आणि खुलासा एक कॉलमी, हे चालायचंच. दोन्ही पक्षांचे फोन आले, दोघेही सारखेच चिडलेले, आणि मला क्षणभर बरं वाटलं. तिसऱ्या फोनने ते उतरवलं.

मौद्याकडच्या एका गावातून बाई बोलत होत्या. म्हणाल्या, "आमी तीन वाजता येऊन बसलो. साडेपाचला गाडीवाला म्हणे चला, अंधार होते. नेत्याचं तोंडही नाही पाह्यलं. तुमच्या पंधरा हजारात आमी हावो का नाही?"

नव्हत्या. मी मोजलं होतं ते एका वेळी मैदानात किती माणसं होती ते, आणि तेही साडेसहाच्या सुमाराचं, कारण आमचा रिपोर्टर सहाला पोचला होता. कुही, मौदा, भिवापूरकडच्या कितीतरी गाड्या त्याआधीच परत फिरल्या होत्या. त्यांच्या खुर्च्यांवर मग शहरातली, कामावरून सुटलेली माणसं येऊन बसली. एका खुर्चीवर दिवसभरात दोन माणसं. अशी अदलाबदल धरली तर येऊन गेलेल्यांची संख्या अठरा-वीस हजारांपर्यंत जाऊ शकते. बंदोबस्तावरचा अधिकारी दुपारपासून तिथे होता. त्याचे "वीस-पंचवीस" मी रात्री उगाच झटकले होते.

एका वेळी असलेले आणि एकूण आलेले, हे दोन वेगळे आकडे आहेत आणि बहुतेक भांडणं त्यांच्या सरमिसळीतून होतात. हाँगकाँगमध्ये १६ जून २०१९ च्या मोर्चाला आयोजकांनी जवळपास वीस लाख म्हटलं, पोलिसांनी ३ लाख ३८ हजार. पोलिसांचा आकडा ठरलेल्या मार्गावरच्या सर्वाधिक गर्दीच्या वेळेचा होता, आयोजक दिवसभराचे मोजत होते. फुगवाफुगवी असेलही, पण दोघांनी मोजलेली वस्तूच एक नव्हती. मोर्चाची गोष्ट सभेहून सोपी खरं तर. हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमकडून मॉरिस कॉलेज टी-पॉइंटकडे जाणारा मोर्चा मोजायचा तर वाटेत एका खांबाशी उभं राहायचं, मिनिटाला किती जातात ते चार-पाच वेळा मोजायचं आणि एकूण मिनिटांनी गुणायचं. मिनिटाला शंभर आणि चाळीस मिनिटं, तर चार हजार. डिसेंबरात आमच्या रिपोर्टरला हे करायला लावलं. पहिल्या दिवशी कुरकुरला, दुसऱ्या दिवशी स्वतःच चहाच्या टपरीची जागा पकडून बसला.

डेस्कवरच्या एका सहकाऱ्याने तेव्हा टोचून विचारलं, मग दीक्षाभूमीचंही असंच मोजणार का? १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतलेल्यांचा आकडा पुस्तकांत पावणेचार लाखांच्या आसपासपासून पाच-सहा लाखांपर्यंत सापडतो. त्याला मी जे सांगितलं ते अजूनही मला पटतं. त्या दिवसाची थोरवी आकड्याच्या टेकूवर उभी नाही, म्हणून तिथे तीन लाख की पाच लाख यावर कोणी शांतपणे चर्चा केली तर काही कोसळत नाही. आमच्या सभेत आकडा काढून घेतला तर बातमीत उरतं काय, हे मी त्याला विचारलं. तो हसला फक्त.

एकाच पक्षाचे तीन कागद

आता या प्रकरणातला मला सगळ्यात बोलका वाटलेला भाग. निकालानंतर उमेदवारांना तीस दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो आणि तो कोणालाही पाहता येतो. मी पाहिला. त्याआधी परवानगीच्या अर्जाची प्रतही रिपोर्टरने मिळवली होती.

मैदानाच्या परवानगीसाठी पक्षाने जो अर्ज दिला त्यात 'अपेक्षित उपस्थिती' समोर १०,००० लिहिलं होतं. कारण उघड आहे. हा आकडा वाढला की अटी वाढतात: बाहेर पडायच्या वाटा, अग्निशमनाचा बंब, ॲम्ब्युलन्स, पार्किंग, स्वयंसेवक. प्रसिद्धिपत्रकात तोच पक्ष एक लाख म्हणतो, कारण तिथे शून्याला पैसे पडत नाहीत. आणि खर्चाच्या हिशेबात त्याच सभेच्या खुर्च्या चार हजार. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाखांची. स्टार प्रचारकाच्या सभेत उमेदवार व्यासपीठावर बसला की सभेचा खर्च त्याच्या खात्यात पडतो, अनेक उमेदवार असले तर वाटून. म्हणून तिथे खुर्ची न खुर्ची कमी करायची.

निवडणूक आयोगाला ही खोड चांगली ठाऊक आहे. म्हणून व्हिडिओ सर्व्हेलन्स टीम नावाचं पथक सभेत फिरतं. त्यांना सूचना असतात की चित्रीकरण करताना तोंडाने बोलत राहायचं: गाड्या किती आणि कोणत्या, व्यासपीठ किती मोठं, खुर्च्या किती. म्हणजे ते चित्रीकरण खर्चाच्या हिशेबाशी ताडून बघता येतं. या सभेतही पथक होतं आणि त्यांच्या चित्रीकरणामुळे उमेदवाराला खुर्च्यांचा आकडा नंतर वाढवून घ्यावा लागला. गंमत अशी की एक लाख म्हणणाऱ्या पक्षाचा प्रतिनिधी त्या सुनावणीत "पथकाने गर्दी वाढवून दाखवली" असं म्हणत होता.

चौथा आकडा कॅटरर्सचा. मसालेभाताची बारा हजार पाकिटं, आगाऊ पैसे देऊन. अर्ज, प्रसिद्धिपत्रक आणि हिशेब या तिन्हींपेक्षा भाताच्या पाकिटांचा आकडा माझ्या मोजणीच्या जवळ बसला. ज्याने तो लिहिला त्याला कमी लिहिला तर शिव्या पडल्या असत्या आणि जास्त लिहिला तर भात वाया गेला असता.

लाख आला कुठून, हेही पुढे पक्षाच्याच एका जुन्या कार्यकर्त्याकडून कळलं. सभेच्या आठवडाभर आधी बैठकीत प्रत्येक तालुका आणि प्रभागाला 'टार्गेट' वाटलं होतं. कोणी पाच हजार घेतले, कोणी आठ. ज्याने दोन म्हटलं त्याला सगळ्यांसमोर झापलं. बेरीज लाखाच्या वर गेली. ती बेरीजच प्रसिद्धिपत्रकात गेली. माणसं येण्याच्या आठवडाभर आधी आकडा हजर झाला होता.

अर्जातले दहा हजार मात्र मला लाखापेक्षा जास्त खुपतात. फुगवलेल्या आकड्यावर फार तर हसता येतं. कमी लिहिलेल्या आकड्यावर बंदोबस्त ठरतो, वाटा ठरतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला अधिवेशनावर आलेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चात लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले, त्यात बायका आणि लेकरं किती तरी. कारणं तिथली वेगळी होती. पण झिरो माइलजवळच्या त्या स्मारकासमोरून रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाने तरी 'अपेक्षित उपस्थिती' हा रकाना हसण्यावारी नेऊ नये. आमच्या मैदानाला बाहेर पडायच्या वाटा तीन होत्या. एकीसमोर त्या संध्याकाळी नेत्यांच्या गाड्यांचा ताफा उभा होता.

मग कोणीतरी सरकारी माणसानेच मोजून अधिकृत आकडा का सांगू नये, असं संपादकांनी एकदा विचारलं. अमेरिकेत तसं होतं. वॉशिंग्टनच्या मैदानावरच्या सभांचा आकडा तिथलं राष्ट्रीय उद्यान खातं सांगत असे. १६ ऑक्टोबर १९९५ च्या 'मिलियन मॅन मार्च'ला त्यांनी ४ लाख सांगितले. नावातच दहा लाख असलेल्या मोर्चाचे आयोजक खवळले, कोर्टात खेचण्याची भाषा झाली. बोस्टन विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी हवाई छायाचित्रांवरून ८ लाख ३७ हजार काढले, वीस टक्के इकडे-तिकडे. पुढच्या वर्षी अमेरिकी संसदेने गर्दी मोजण्यासाठी पैसा द्यायचंच बंद केलं. संपादक म्हणाले, "म्हणजे आपणच मोजायचं." त्यांचा सूर काही उत्साहाचा नव्हता.

आम्ही पुढे एवढं केलं: मथळ्यात आकडा नाही, बातमीत मैदानाचं माप आणि खुर्च्यांची संख्या द्यायची, आणि 'एका वेळी' की 'दिवसभरात' ते लिहायचं. काही महिने टिकलं. मग एका रविवारी मी सुटीवर असताना पान एकवर पुन्हा एक जनसागर उसळला.

पेंडॉलवाल्या भाऊंकडे मी सभेनंतर दीडेक महिन्याने पुन्हा गेले, बिलाची प्रत बघायला. बिल अजून निम्मं थकलेलं. सदतीस खुर्च्या कमी भरल्या होत्या, त्याचेही पैसे वेगळे लावले होते. मी बसलेली असतानाच पक्षाच्या कार्यालयातून माणूस आला. बिलावर बोट ठेवून भाऊंना म्हणाला, "नऊ हजार काहून लावले बाप्पा? अर्ध्या खुर्च्या तर रिकाम्याच होत्या. गर्दी होतीच कुठं?"

भाऊंनी वही उघडून त्याच्यापुढे सरकवली.